मोएलांगीच्या गाडीचं मागचं दार

मोएलांगीची निळी व्हॅन न्यूझीलंडमध्ये कुणीतरी वापरून वापरून टाकून दिलेली होती. आमच्या सवाई बेटावर ती उतरली तेव्हा फांगातोलू गावातल्या पुरुषांनी बॉनेट उघडून आत डोकी घातली आणि वर्षभरसुद्धा चालायची नाही असं एकमताने ठरवून टाकलं. त्याला नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत मोएलांगीचा नवरा तोलू गेला, भविष्य सांगणाऱ्यांपैकी तिघांच्या स्वतःच्या गाड्या नीरफणसाखाली कोंबड्यांची खुराडी झाल्या, आणि व्हॅन मात्र रोज सकाळी नारळाच्या दुधातल्या गोड पावांचे बारा ट्रे घेऊन बोटीच्या धक्क्यावर जातच राहिली.

"पुरुषांचं मत जरूर घ्यावं," मोएलांगी म्हणायची, "म्हणजे काय करायचं नाही ते कळतं."

बाई अठ्ठावन्न वर्षांची, हाडापेराने मजबूत, आणि जिभेला हाड नसलेली. पण दोन गोष्टींत तिच्याइतकं सरळ माणूस गावात नव्हतं. एक म्हणजे पावाचं वजन. दुसरी म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. पहिला शंख वाजला की घराकडे वळायचं, दुसरा वाजला की जिथे असाल तिथे थांबायचं, मान खाली, डोळे मिटलेले, तिसरा वाजेपर्यंत. आई-बापांनी शिकवलं तसं ती करत आली. गावात बाकीचे कसं करत होते ते तिला ठाऊक नव्हतं, कारण तिचे डोळे मिटलेले असायचे.

या प्रार्थनेच्या वेळेची राखण सामासोनीकडे होती. सामासोनी आपल्या घराण्याचा मताई, म्हणजे कर्ता, गावच्या पंचायतीत बसणारा, शिवाय चर्चचा डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचा उजवा हात. देह पिंपासारखा, आवाज त्याहून मोठा. सिडनीतल्या मुलाने पाठवलेली पांढरी डबल-कॅबिन गाडी हाकायची आणि दुसऱ्यांच्या चुका मोजायच्या, एवढाच त्याचा उद्योग. दुसऱ्या शंखानंतर गावात ज्याचं चाक फिरेल त्याला एक डुकरीण आणि मासळीच्या डब्यांच्या वीस पेट्या दंड, हा नियम त्याचाच. रस्त्यावर पहारा देणाऱ्या गावच्या जवान पोरांनीसुद्धा प्रार्थनेत डोळे मिटलेच पाहिजेत, हाही त्याचाच. डोळे मिटून पहारा कसा द्यायचा, हे त्याला पंचायतीत कुणी विचारलं नाही. आमच्या पंचायतीत विचारायची पद्धत नाही, जांभया द्यायची आहे.

मागल्या वर्षी त्याने मोएलांगीलाही धरलं होतं. ती फाटकातून आत वळत असताना शंख झाला. पुढची चाकं अंगणात, मागची रस्त्यावर. सामासोनीने पावलांनी अंतर मोजलं आणि पाच पेट्यांचा दंड ठोकला, विधवा म्हणून सवलत देऊन. त्या पेट्या पंचायतीने दोन दुपारी बसून संपवल्या. मोएलांगीने दिल्या आणि वर विचारलं, "सवलतीबद्दल आभार मानायचे, की तेही दंडातच आले?"

आणि मग ऑगस्टातला तो बुधवार. रिकामे ट्रे घेऊन ती धक्क्यावरून परतत होती. चर्चच्या अलीकडे दुसरा शंख झाला. तिने व्हॅन कडेला घेतली, इंजिन बंद केलं, मान खाली घातली. दोन्ही बाजूंच्या बिनभिंतींच्या घरांतून भजन सुरू झालं. पहिलं कडवं संपत होतं तेवढ्यात मागून अशी धडक बसली की ट्रे उडून तिच्या सीटवर आले आणि तिचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं.

ती खाली उतरली. व्हॅनचं मागचं दार आत घुसलं होतं, चोळून टाकलेल्या कागदासारखं. त्याला नाक लावून सामासोनीची पांढरी गाडी उभी, रेडिएटरमधून वाफ काढत. गावात भजन चालूच होतं. दुसरं कडवं तर जरा जास्तच जोरात झालं.

सामासोनी उतरला. त्याने दार पाहिलं, बंपर पाहिला, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"मोएलांगीबाई," तो म्हणाला, "प्रार्थनेच्या वेळी गाडी मागे कशाला घेतलीत?"

चोर तो चोर, वर शिरजोर, ही म्हण मोएलांगीला माहीत होती. चोर डीकनही असतो, हे नवीन होतं.

"मी शंख होताच थांबलो होतो," तो पुढे म्हणाला, आता जरा मोठ्याने, आजूबाजूच्या घरांसाठी. "प्रार्थनेत होतो. तुमची गाडी मागे आली. असो. माझं मन मोठं आहे, तुमच्याकडे बंपरचे पैसे मागत नाही."

दुसऱ्या दिवशी ती फिलिपोकडे गेली. फिलिपो म्हणजे पत्रे ठोकणारा, चार गावांत एकच. त्याने दाराभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं, शीळ घातली.

"मावशी, दार नवं लागणार. चौकट ओढून काढावी लागणार. अठ्ठावीसशे ताला."

"कोण कुणावर आलं ते सांग."

"मागे घेताना एवढं आत जात नाही. हे चांगलं वेगात आलेलं आहे."

"हे पंचायतीत सांगशील?"

फिलिपोने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे पांढरी गाडी उभी होती, बंपर उतरवलेली. "मावशी, मी पत्रा बघतो. माणसं बघत नाही."

पोलीस चौकीवर शिपायाने वही उघडली, साक्षीदार आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर वही मिटली. गावातलं गाव बघून घेईल, म्हणाला. विमा म्हणावा तर सरकारला दरवर्षी भरलेला पैसा माणसाच्या हाडांसाठी, गाडीच्या पत्र्यासाठी नाही. मोएलांगीचं कपाळ फुटलं असतं तर तिला काही मिळालं असतं. पण तिचं कपाळ दारापेक्षा टणक निघालं.

इकडे धंद्याची पंचाईत. दाराच्या जागी ताडपत्री बांधून तिने आठवडा काढला. वाटेतली धूळ पावांवर बसायची, पाऊस आला की वरचे ट्रे भिजायचे. धक्क्यावरच्या कँटीनवाल्याने एक पाव उचलून फुंकला आणि म्हणाला, "आणखी दोन आठवडे बघतो, मोएलांगी. मग शहरातल्या बेकरीला सांगतो. माझाही इलाज नाही." अठ्ठावीसशे ताला तिच्याकडे एकरकमी नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या भाच्याला फोन केला असता तर त्याने पाठवलेही असते. पण फोन तिने केला नाही.

"ज्याने मोडलं तो भरेल," तिने मोठ्या दिराला, नोआला सांगितलं. "मोडलं म्हणून भरेल. मला कुणाची दया नको, माझं दार हवं."

नोआ हा तिच्या घराण्याचा मताई. सत्तरीचा, गरीब स्वभावाचा, आणि पंचायतीत तीस वर्षं बसून त्याने तोंड फक्त खायला उघडलेलं. बाईमाणूस पंचायतीत बोलत नाही, तेव्हा तिच्या वतीने बोलणार तो हाच. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात, पण काही नारळांत तेही नसतं.

"वहिनी, पाहिलंय कुणी?" नोआने विचारलं.

"सगळं गाव रस्त्याला लागून बसलं होतं, भावोजी. भिंती तरी आहेत का आपल्या घरांना?"

"पाहिलं म्हणणारा डोळे उघडे होते म्हणून सापडेल. प्रार्थनेत डोळे उघडे, त्याला एक डुक्कर."

"बरं, पाहू नका. कान तर मिटता येत नाहीत. त्याची गाडी येताना ऐकली असेल."

"ऐकली म्हटलं तर लक्ष देवाकडे नव्हतं." नोआने पाव नारळाच्या दुधात बुडवला. "तू एक विचार कर. समज, त्याचं चाक फिरत होतं हे सिद्ध झालं. दंड होईल. एक डुकरीण, वीस पेट्या. तो दंड कुणाला? पंचायतीला. आम्ही बसून खाऊ. तुझं दार होतं तिथेच राहील." एवढं बोलून त्याने आवंढा गिळला. तो पेट्यांच्या आठवणीने होता, दाराच्या नव्हे, हे मोएलांगीने पाहिलं.

असा हा न्याय. मार खाल्ला विधवेने, मासळी खाणार पंचायत. मोएलांगी भट्टीपुढे बसून दोन दिवस कणीक मळत याचाच विचार करत राहिली. कणकेला तेवढे दणके त्याआधी कधी बसले नसतील.

तिसऱ्या दिवशी ती उठली आणि नोआकडे ट्रेभर पाव घेऊन गेली.

"भावोजी, सोमवारी पंचायतीत तुम्ही माझ्या दाराबद्दल बोलायचं नाही."

नोआला बरं वाटलं.

"त्याला खोटारडा म्हणायचं नाही. साक्षीदार मागायचा नाही. फक्त चार प्रश्न विचारायचे. पाठ करा. महिनाभर पाव माझ्याकडून."

सोमवारी सकाळी पंचायत बसली. जुन्या रिवाजाने एकेका खांबाला एकेक मताई टेकलेला, मध्ये कावा नावाच्या झुडपाच्या मुळ्यांच्या पेयाचा वाडगा, आणि तो ढवळत बसलेला एक पोरगा. हे सभागृहही बिनभिंतीचं, त्यामुळे मोएलांगी बाहेर चटई टाकून पंखा विणत बसली. तिला कुणी हटकलं नाही, कारण पाव तिने सगळ्यांनाच वाटले होते.

सामासोनीने आधी गावातल्या ढिल्या शिस्तीवर पाऊण तास भाषण केलं. मग नोआ खाकरला. दोन-तीन मताई दचकून जागे झाले.

"सामासोनी, एक विचारायचं होतं," नोआ पाठ केल्यासारखा म्हणाला, कारण पाठच केलं होतं. "त्या बुधवारी दुसऱ्या शंखाला तुमची गाडी थांबलेली होती. बरोबर?"

"सांगितलंय मी. बरोबर."

"आणि तुम्ही प्रार्थना करत होता."

"डीकन दुसरं काय करेल?"

"डोळे मिटून."

सामासोनी हसला. "नोआ, माझे डोळे कसे मिटतात ते साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"हो ना," नोआ म्हणाला. "मग वहिनीची गाडी मागे आली, ते पाहिलं कुणी?"

वाडगा ढवळणाऱ्याचा हात थांबला. बाहेर मोएलांगीने विणकामातली एक पात नीट दुमडली.

"मला... जाणवलं," सामासोनी म्हणाला.

"धक्का जाणवला असेल. पण डोळे मिटून धक्का बसला तर कोण कुणावर आलं ते कसं जाणवतं?" हा प्रश्न पाठातला नव्हता. नोआ स्वतःच त्यावर चकित झालेला दिसला.

पंचायतीचा सर्वात म्हातारा वक्ता आतापर्यंत माशा हाकत होता. त्याने चवरी खांद्यावर टाकली. "सोपं आहे," तो म्हणाला. "सामासोनी, तुझे डोळे उघडे होते तर एक डुक्कर. तुझं चाक फिरत होतं तर डुकरीण आणि वीस पेट्या. यातलं काहीच नसेल तर तुला काही ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना एका बाईवर तू आळ घेतलास. बोल, कुठलं?"

सभागृहातले सगळे मताई आता टक्क जागे होते. कुठलं तरी डुक्कर मिळणार, अशी त्यांची खात्री पटली होती. सामासोनी घामाने निथळला. आपल्याच हाताने विणलेल्या जाळ्यात मासा नाही, आपण अडकलोय, हे कळायला त्याला एक घोट पुरला. मग मात्र त्याने तोंडावर असा कनवाळूपणा आणला की पाहणाऱ्याला किळस यावी.

"मला काही ठाऊक नाही," तो म्हणाला. "चूक कुणाची ते देव जाणे. पण एका विधवेची रोजीरोटी अडली आहे. मी ख्रिस्ताचा सेवक. तिच्या दाराचा खर्च मी माझ्या खिशातून देईन. दान म्हणून."

मताईंनी मान डोलावली, पण खट्टू होऊन. दानाला पेट्या लागत नाहीत.

बाहेर मोएलांगीच्या हातातला पंखा थांबला. दान. तिच्या अंगाची आग आग झाली. उठावं आणि आत जाऊन त्याच्या तोंडावर सांगावं की तुझं दान तुझ्या बंपरला बांध, असं तिला वाटलं. पण कँटीनवाल्याची मुदत शुक्रवारी संपत होती. बाईने दात आवळले आणि पंख्याची कड पुरी केली.

फिलिपोने गुरुवारी दार बसवलं. नवं दार पिवळं निघालं, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं, पण कडी घट्ट बसली. सामासोनीने पैसे फिलिपोच्या हातात दिले ते सुद्धा चार माणसं जमल्यावर. मोएलांगीने फिलिपोकडून पावती मागून घेतली. तिच्यावर काय लिहायचं ते तिने कागदावर आणलं होतं; ते त्याने आधी दोनदा वाचलं, मग कोपऱ्यात पाहिलं. पांढरी गाडी दुरुस्त होऊन गेली होती.

"लिही," मोएलांगी म्हणाली. "पत्रा बघतोस ना? मग पत्र्याला काय झालं तेवढंच लिही."

त्याने लिहिलं.

आमच्या चर्चमध्ये रविवारी देणग्या वाचतात. कुणी किती दिलं ते नावानिशी, मोठ्याने. देव ऐकतोच, पण शेजाऱ्यानेही ऐकावं अशी सोय आहे. प्रत्येक घर चिठ्ठी लिहून पाकिटात घालतं आणि शाळेच्या लुपेबाई ती वाचून दाखवतात. लुपेबाई तीस वर्षं हजेरी घेत आल्या आहेत. पुढे काय लिहिलंय ते आधी बघायचं, ही सवयच त्यांना नाही. जे हातात येईल ते एका सुरात.

त्या रविवारी पहिली चिठ्ठी सामासोनीची होती. "सामासोनी. चर्चच्या छपरासाठी शंभर ताला. विधवा मोएलांगी हिच्या गाडीसाठी दान, अठ्ठावीसशे ताला."

बाकांवरून कौतुकाचा एक सुस्कारा फिरला. पाद्रीबाबांनी मान लववली. सामासोनी नजर खाली घालून बसला होता, इतका नम्र की त्याच्या मानेवर घडी पडली होती. बायका मोएलांगीकडे वळून पाहू लागल्या, ती कधी उठून आभार मानते म्हणून. मोएलांगीने पांढरी टोपी सारखी केली आणि बसून राहिली.

लुपेबाई वाचत होत्या. वीस ताला, पन्नास ताला, एक पोतं अळकुड्या. मग नववी चिठ्ठी.

"मोएलांगी. दहा ताला. सोबत पावतीची नक्कल. परमेश्वराचे आभार, कारण माझ्या उभ्या गाडीला दुसऱ्या शंखानंतर मागून वेगाने धडक देणाऱ्या पांढऱ्या गाडीच्या मालकाने दुरुस्तीचा सगळा खर्च, अठ्ठावीसशे ताला, भरून दिला आहे. पावती अशी: मागून वेगाने धडक, दार नवं, येणं पूर्ण फिटलं. सही, फिलिपो, पत्रे ठोकणार." लुपेबाईंनी चिठ्ठी उलटी केली. मागे काही नव्हतं. त्यांनी पुढची उचलली.

पुढची कुणीच ऐकली नाही. फिलिपो मागच्या बाकावर आपले बूट तपासत होता. सामासोनीच्या मानेवरची घडी लाल झाली. मताईंच्या बाकावर नोआ शेजाऱ्याच्या कानाला लागला, आणि शेजारी बहिरा असल्याने सगळ्यांना ऐकू आलं.

"दुसऱ्या शंखानंतर म्हणाली. म्हणजे वीस पेट्या. आणि डुकरीण."

म्हाताऱ्या वक्त्याने बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि समाधानाने मान हलवली. पाद्रीबाबांना या गावात बावीस वर्षं झाली होती. त्यांनी घाईने दोन्ही हात वर केले. "प्रार्थना करू या," ते म्हणाले.

सगळ्या माना खाली गेल्या. मोएलांगीनेही मान खाली घातली. मग, अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदाच, तिने डोळे उघडे ठेवले आणि हळूच बाजूला पाहिलं.

सगळं चर्च उघड्या डोळ्यांनी सामासोनीकडे बघत होतं. लुपेबाई बघत होत्या, पहारा देणारे जवान बघत होते, नोआ बघत होता. त्या बुधवारीही हे सगळे असेच बघत असणार.